जंबुपार किरण आणि फळांचे रंग



इंद्रधनुष्याच्या एका टोकाच्या रंगाला मराठीने एका फळाचे नाव दिले आहे. जांभूळ हे ते फळ आणि जांभळा हा तो रंग. या रंगाच्या पलीकडे मानवी डोळ्याला काहीही दिसत नाही. परंतु तेथेही सूर्यप्रकाश संपत नाही, हे योहान व्हिल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली दाखवून दिले. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग अलग करून त्याने ते सिल्व्हर क्लोराइडवर पाडले. प्रकाश लागताच काळे पडणे हा या क्षाराचा धर्म होय. जांभळ्या पट्ट्यापेक्षा त्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तो अधिक लवकर काळा पडला. मराठीतील शास्त्रीय लेखकांनी या अदृश्य किरणांना ‘जंबुपार किरण’ असे सुरेख नाव दिले. आज पाठ्यपुस्तकांतून ‘अतिनील’ हा शब्द अधिक रूढ असला, तरी आजच्या विषयाला जुने नावच अधिक शोभते. कारण ज्या फळावरून त्या किरणांना नाव मिळाले, त्या फळाला व त्याच्या जातभाईंना रंग देणारी द्रव्ये त्याच किरणांपासून मानवी त्वचेचे रक्षण करू शकतात काय, हा प्रश्न आज जगातील अनेक प्रयोगशाळांत विचारला जात आहे.

प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही. शेतात, मिठागरात, मचव्यावर आणि रस्त्याच्या कामावर दिवसभर उन्हात उभे राहणारी माणसे या देशात कोट्यवधी आहेत. त्यांच्या त्वचेला सूर्य काय करतो, हे जाणणे अगत्याचे आहे. दुसऱ्या बाजूस, फळांच्या अर्काची लेपने, चूर्णे आणि गोळ्या यांनी बाजार भरून गेला आहे आणि प्रत्येक डबीवर विज्ञानाचे नाव छापलेले असते. त्यात खरे किती आणि ओढूनताणून आणलेले किती, हे पारखून घेणे हे सुज्ञ ग्राहकाचे काम होय.

प्रथम किरणांची ओळख करून घेऊ. प्रकाशाच्या लहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दृश्य प्रकाश सुमारे ४०० नॅनोमीटरपाशी संपतो आणि तेथून खाली जंबुपार किरणांचे राज्य सुरू होते. शास्त्रज्ञांनी त्यांचे तीन वर्ग केले आहेत. ४०० ते ३१५ नॅनोमीटरचे ते ‘अ’ किरण, ३१५ ते २८० चे ते ‘ब’ किरण आणि त्याहून आखूड ते ‘क’ किरण. ‘क’ किरण सर्वांत घातक. परंतु वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन त्यांना वाटेतच शोषून घेतात. ‘ब’ किरणांचाही बहुतेक भाग ओझोनच्या थरात अडतो. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या जंबुपार किरणांपैकी शेकडा ९५ च्या आसपास ‘अ’ किरण असतात.

हे दोन्ही वर्ग त्वचेवर निरनिराळ्या रीतीने परिणाम करतात. ‘ब’ किरण त्वचेच्या वरच्या थरातच मुख्यतः शोषले जातात. कडक उन्हात त्वचा लाल होते, भाजल्यासारखी हुळहुळते, ती प्रामुख्याने यांची करणी. मात्र याच किरणांच्या साहाय्याने त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, ही त्यांची चांगली बाजूही विसरता येत नाही. ‘अ’ किरण अधिक खोल जातात आणि खालच्या थरातील तंतुजनक पेशींपर्यंत पोहोचतात. त्वचेला ताण आणि लवचिकपणा देणारे कॉलॅजनचे धागे या पेशी विणतात. ‘अ’ किरणांमुळे तेथे ऑक्सिजनची अतिशय चंचल व आक्रमक रूपे निर्माण होतात, ती पेशींच्या घटकांवर तुटून पडतात आणि कॉलॅजन तोडणारी विकरे जागी होतात. त्वचा अकाली सुरकुततें, राठ होते, तिच्यावर डाग पडतात, त्याचे मूळ येथे आहे. खिडकीची साधी काच ‘ब’ किरणांना अडविते. ‘अ’ किरण मात्र तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात.

सूर्य आणि त्वचेचे विकार यांचा संबंध वैद्यांच्या ध्यानात आला तो कष्टकऱ्यांकडे पाहून. पाउल गेर्सन उना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९४ च्या सुमारास समुद्रावर आयुष्य काढलेल्या खलाशांच्या त्वचेचे वर्णन केले. चेहरा व हात यांवरील त्वचा जाड, डागाळलेली आणि काही ठिकाणी कर्करोगाने ग्रासलेली त्याला दिसली. त्यानंतर फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टर विल्यम द्युब्रय याने द्राक्षमळ्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या उघड्या त्वचेवर तसेच विकार पाहिले आणि १९०७ साली त्यांचा संबंध सूर्याशी जोडला. १९२८ साली फिंडले या संशोधकाने दिव्याच्या जंबुपार किरणांनी उंदरांच्या त्वचेवर कर्करोग उत्पन्न होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले.

पेशीच्या आत नेमके काय घडते, हे कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. प्रत्येक पेशीच्या केंद्रात डी.एन.ए. नावाचा लांबलचक रेणू असतो आणि त्यात चार अक्षरांच्या लिपीत त्या पेशीचा सारा कारभार लिहिलेला असतो. १९६० साली बॉयकर्स आणि बेरेंड्स या डच शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, जंबुपार किरणांमुळे या लिपीतील शेजारशेजारची दोन थायमीन अक्षरे एकमेकांना चिकटतात. पुस्तकाची दोन पाने डिंकाने चिकटावीत आणि मधला मजकूर वाचता येऊ नये, तशी पेशीची अवस्था होते. सुदैवाने पेशीजवळ दुरुस्तीचे कारागीर असतात. ते चिकटलेला तुकडा कापून काढतात आणि त्या जागी नवा तुकडा बसवितात. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणाऱ्या तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही दुरुस्ती जन्मतःच ज्यांना साधत नाही, अशा काही दुर्दैवी मुलांना थोड्याशा उन्हानेही त्वचेचे कर्करोग होतात. जेम्स क्लीव्हर याने १९६८ साली या रोगाचे कारण दुरुस्तीतील हाच दोष असल्याचे दाखविले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उन्हात जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या त्वचेत रोज मोडतोड होते आणि रोज दुरुस्तीही होते. मोडतोड दुरुस्तीपेक्षा अधिक झाली म्हणजे अनर्थ ओढवतो.

आता वनस्पतींकडे वळू. माणूस ऊन लागले तर सावलीत जातो. झाडाला ती सोय नाही. जेथे रुजले तेथेच त्याला आयुष्यभर ऊन सोसावे लागते. म्हणून वनस्पतींनी स्वतःच्या अंगातच छत्री निर्माण केली. फ्लॅव्होनॉइड या वर्गातील द्रव्ये पानांच्या वरच्या थरात साठतात आणि जंबुपार किरण शोषून घेतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशी द्रव्ये बनविण्याची शक्ती नसलेली मोहरीच्या कुळातील रोपे ‘ब’ किरणांखाली ठेवली, तेव्हा ती साध्या रोपांपेक्षा कितीतरी अधिक होरपळली.

याच वर्गात अ‍ॅन्थोसायनिन नावाची रंगद्रव्ये येतात. मार्क्वार्ट या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १८३५ साली ग्रीक भाषेतील ‘फूल’ आणि ‘निळा’ या दोन शब्दांपासून हे नाव बनविले. लाल, किरमिजी, जांभळा, निळा अशा किती तरी छटांची फुले व फळे यांचे रंग या एकाच कुटुंबातील द्रव्यांचे असतात. रिचर्ड व्हिल्श्टेटर याने गुलाबाचा लाल रंग व कॉर्नफ्लॉवरचा निळा रंग यांच्या मुळाशी एकच द्रव्य आहे, हे दाखवून रसायनशास्त्रज्ञांना चकित केले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्याला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्ट्रॉबेरीचा तांबडा रंग पेलार्गोनिडिन या द्रव्याचा, कोकमाचा गर्द लाल रंग सायनिडिनचा, तर जांभळाच्या रंगात डेल्फिनिडिनचा मोठा वाटा असतो. डोंगरची करवंदे खाऊन ओठ रंगतात ते याच कुटुंबातील द्रव्यांनी. आंब्याची आणि जांभळाची कोवळी पालवी तांबूस असते, हे श्रोत्यांनी पाहिले असेलच. हिरव्या रंगाचे यंत्र पुरते तयार होण्यापूर्वी त्या नाजूक पानांचे प्रखर प्रकाशापासून रक्षण करणे, हे त्या तांबूस रंगाचे एक काम असावे, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. सफरचंदाची जी बाजू सूर्याकडे असते ती अधिक लाल होते, यातही प्रकाश आणि रंगद्रव्य यांचे हेच नाते दिसते.

झाडाचे रक्षण करणारे द्रव्य माणसाच्याही उपयोगी पडेल काय? ही कल्पना अगदी नवी नाही. ‘क’ जीवनसत्त्वावरील कार्याबद्दल गौरविल्या गेलेल्या आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३६ साली फ्लॅव्होनॉइडांना ‘पी’ जीवनसत्त्व असे नावही देऊन पाहिले होते. पुढे ते जीवनसत्त्व नव्हे असे ठरले आणि नाव मागे पडले; परंतु या द्रव्यांविषयीचे कुतूहल मागे पडले नाही. २००७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी डेल्फिनिडिनचा प्रयोग मानवी त्वचापेशींवर व उंदरांच्या त्वचेवर केला आणि ‘ब’ किरणांनी होणारी हानी त्याने कमी होते, असे त्यांना आढळले.

या मालिकेतील स्ट्रॉबेरीचा प्रयोग विशेष गाजला. हे फळ स्वतःच मोठे प्रवासी आहे. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने दक्षिण अमेरिकेतील चिली देशातून मोठ्या फळाची रोपे फ्रान्सला आणली. उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीशी त्यांचा संकर झाला आणि आजची बागेतली स्ट्रॉबेरी जन्मास आली. गंमत अशी की, द्राक्ष आणि जांभूळ ही शास्त्रार्थाने मृदुफळे आहेत. पण नावातच ‘बेरी’ मिरविणारी स्ट्रॉबेरी मात्र मृदुफळ नव्हे. तिचा लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक होय, आणि तिच्या अंगावरील बारीक दाणे हीच तिची खरी फळे होत.

२०१२ साली इटली व स्पेन येथील संशोधकांनी या फळाचा अर्क तयार केला. काचेच्या बशीत वाढविलेल्या मानवी तंतुजनक पेशींना तो तीन निरनिराळ्या प्रमाणांत दिला आणि काही पेशी तुलनेसाठी अर्काविना ठेवल्या. मग सर्वांवर ‘अ’ किरण सोडले. त्यांची मात्रा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील उन्हाळ्यातल्या दुपारच्या दीड तासाच्या उन्हाइतकी होती. ज्या पेशींना एका मिलिलिटरमागे अर्धा मिलिग्रॅम अर्क मिळाला होता, त्या अधिक संख्येने जगल्या आणि त्यांच्या डी.एन.ए.ची मोडतोडही कमी झाली. या गुणाचे श्रेय अ‍ॅन्थोसायनिनांकडे जात असावे, असा संशोधकांचा कयास होता. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि निष्कर्ष आशादायक होता, यात शंका नाही.

परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. बशीतील पेशी अर्कात बुडालेल्या असतात. जिवंत माणसाच्या त्वचेतील पेशींना फळातील द्रव्य पोहोचायचे, तर वाट दूरची आणि खडतर आहे. तोंड, जठर, आतडे, यकृत आणि रक्त असा प्रवास करीत ते त्वचेपर्यंत यावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे रूप पालटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ पुरुषांना सायनिडिनचे ५०० मिलिग्रॅम संयुग खूण केलेल्या कार्बनसह देण्यात आले. त्यातील सुमारे शेकडा १२ भाग शरीरात शोषला गेल्याचे दिसले. तोही बहुतेक बदललेल्या रूपांत होता. मूळ रूपातील द्रव्य एक लिटर रक्तात एक दशांश मिलिग्रॅमदेखील नव्हते. ही रूपांतरित द्रव्ये निरुपयोगीच असतात असे मुळीच नव्हे. मात्र बशीत जे घडले ते ताटातून घडेलच, असे म्हणता येत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

फळ थेट त्वचेवर चोळले तर? त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, घट्ट रचलेला असतो. बाहेरचे आत शिरू नये हेच तर त्याचे काम. शिवाय अ‍ॅन्थोसायनिने मोठी नाजूक असतात. उजेड, उष्णता आणि आम्लतेतील फरक यांनी ती पालटतात किंवा नष्ट होतात. कोकमाच्या आगळात चिमूटभर सोडा टाकला म्हणजे रंग कसा फिरतो, हे कोणत्याही स्वयंपाकघरात पाहता येईल. तेव्हा फळ कुस्करून चेहऱ्यास लावल्याने उन्हापासून रक्षण होते, असे समजणे हा भाबडेपणा ठरेल.

मग माणसांवर केलेले प्रयोग काय सांगतात? अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे केलेला द्राक्षांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १९ स्वयंसेवकांना १४ दिवस रोज ७५ ग्रॅम सुक्या द्राक्षांचे चूर्ण देण्यात आले. त्वचा लाल होण्यास ‘ब’ किरणांची जेवढी मात्रा आधी पुरत असे, तीत सरासरी शेकडा ७५ इतकी वाढ झाली. ही बातमी पुष्कळ ठिकाणी मोठ्या मथळ्याखाली छापून आली. परंतु पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अशाच दुसऱ्या अभ्यासात २९ पैकी अवघ्या ९ जणांच्या त्वचेत अशी वाढलेली सहनशक्ती दिसली. दोन्ही अभ्यासांना कॅलिफोर्नियातील द्राक्षव्यवसायाच्या आयोगाचे साहाय्य होते, हेही श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण त्यांची फेरतपासणी अन्यत्र होणे इष्ट ठरते.

शिवाय शेकडा ७५ वाढ म्हणजे किती, याचे साधे गणित करून पाहू. उघड्या त्वचेला लाल होण्यास जेथे १० मिनिटे लागत, तेथे द्राक्षे खाणाऱ्यास साडेसतरा मिनिटे लागतील. ऊनरोधक मलमाच्या डबीवर जो आकडा छापलेला असतो, तो नेमके हेच प्रमाण दाखवितो. त्या मापाने पाहता द्राक्षांचे बळ पावणेदोन भरते. १५ आकड्याचे मलम नीट जाडसर लावले, तर ‘ब’ किरणांचा शेकडा ९३ भाग अडतो आणि ३० आकड्याचे ९७ भाग अडविते. पावणेदोन आकड्याचे संरक्षण शेकडा ४३ वरच थांबते, आणि तेही ज्यांना लाभेल त्यांनाच. बोर्दोच्या मळ्यांतील ते मजूर आठवावेत. जन्मभर द्राक्षांच्या वेलींत वावरूनही त्यांच्या चेहऱ्यावरचे ऊन टळले नव्हते. यावरून द्राक्षे वाईट ठरत नाहीत. द्राक्ष हे टोपीचे काम करीत नाही, एवढेच ठरते.

प्रयोगशाळेतील आशा आणि माणसांतील प्रचीती यांत केवढे अंतर पडू शकते, याचे एक कठोर उदाहरण इतिहासात आहे. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन हे द्रव्य कर्करोगाला आळा घालील, असे पुष्कळांना वाटत असे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर दीर्घकाळ याची परीक्षा झाली. १९९४ साली निष्कर्ष हाती आले, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा १८ ने अधिकच आढळला. जे गाजरात हितकारक, ते गोळीच्या रूपाने मोठ्या मात्रेत हितकारक असतेच असे नाही, हा धडा सर्वांनी घेतला.

त्वचेच्या बाबतीतही अशीच एक परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली आणि ती सर्वांनी जाणून घेण्याजोगी आहे. क्वीन्सलंड प्रांतातील नॅम्बर या गावी १९९२ पासून १,६२१ रहिवाशांवर हा प्रयोग चालला. काहींना रोज नियमाने ऊनरोधक मलम लावण्यास सांगितले, तर इतरांना त्यांच्या मर्जीवर सोडले. त्याचबरोबर काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या. साडेचार वर्षांनंतर हिशेब केला, तेव्हा गोळ्यांचा त्वचेच्या कर्करोगावर काहीच परिणाम दिसला नाही. रोज मलम लावणाऱ्यांत मात्र त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी शेकडा ४० ने कमी झाल्या. पुढे अनेक वर्षे या लोकांवर लक्ष ठेवले गेले. मेलॅनोमा या सर्वांत भयंकर प्रकाराचे नवे रुग्ण नियमित मलम लावणाऱ्यांत ११, तर इतरांत २२ निघाले. जी साधी गोष्ट किरणांना बाहेरच अडविते ती उपयोगी पडली. जी आतून रक्षण करील असे वाटले होते ती पडली नाही.

‘वनस्पतीचे आहे, म्हणजे अपाय कसा होईल?’ असे म्हणणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. काही वनस्पतींतील द्रव्ये उन्हाचा परिणाम कमी न करता उलट शतपट तीव्र करतात. बावचीच्या बियांत सोरॅलेन नावाचे द्रव्य असते. आपल्याकडील वैद्य कोडावर बावचीचा उपयोग फार प्राचीन काळापासून करीत आले. आणि विसाव्या शतकात पाश्चात्त्य डॉक्टरांनीही सोरॅलेन व ‘अ’ किरण यांची जोडी करून त्वचारोगांवर उपचार सुरू केले. परंतु दीर्घकाळच्या अशा उपचाराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही पुढे उघडकीस आले. अशाच जातीची द्रव्ये लिंबाच्या सालीत व अंजिराच्या चिकात असतात. हातावर लिंबाचा रस तसाच ठेवून उन्हात गेल्यास कातडीवर फोड येऊन काळे डाग पडतात. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्या तरुण मुलींना हे कोणीतरी सांगायलाच हवे.

चेहरा उजळण्याचा प्रश्न निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जंबुपार किरणांपासून रक्षण करणारे जे द्रव्य निसर्गाने माणसाच्या त्वचेतच घातले आहे, त्याचे नाव मेलॅनिन. हाच तो काळेपणा, ज्याला लपविण्यासाठी आणि घालविण्यासाठी घरोघर पैसा खर्च होतो. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार गोऱ्या माणसाच्या बाह्यत्वचेतून ‘ब’ किरणांचा सरासरी शेकडा २४ भाग आत जातो. काळ्या माणसाच्या त्वचेतून केवळ ७ भाग जातो. ज्या रंगामुळे लग्नाच्या बाजारात मुलीला खाली पाहावे लागते, तो रंग वस्तुतः तिचे जन्मजात चिलखत आहे. फळांतील रंगद्रव्याचे पैसे मोजून स्वागत करावे आणि स्वतःच्या त्वचेतील रंगद्रव्याचा तिरस्कार करावा, याला काय म्हणावे? तथापि हे चिलखतही अभेद्य नाही. सावळ्या त्वचेलाही उन्हाने डाग पडतात व सुरकुत्या येतात. आणि डोळ्यांना तर त्वचेच्या रंगाचा काहीच आधार नसतो. मोतीबिंदूच्या कारणांत जंबुपार किरणांची गणना होते.

मग फळे खावीत की नाही? अवश्य खावीत. जांभूळ, करवंद, कोकम, द्राक्ष, आवळा, पेरू यांत जीवनसत्त्वे, तंतू आणि अनेक उपकारक द्रव्ये असतात, आणि त्यांच्यामुळे शरीर एकंदर निकोप राहते. त्वचा हीदेखील त्या शरीराचाच भाग आहे. फळाने त्वचेला थोडी अधिक सहनशक्ती मिळाली, तर ती लाभाची बाब. पण तिच्या भरवशावर दुपारच्या उन्हात उभे राहणे शहाणपणाचे नाही. अर्काच्या महाग डब्यांसाठी तर हंगामातल्या फळांचे पैसे मुळीच वळवू नयेत.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक ओळखीची सरकारी नोंदणी मिळाली आणि तेथील शेतकऱ्यांच्या कष्टांचे चीज झाले. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. उंची हजार मीटरने वाढली की जंबुपार किरण शेकडा दहाच्या आसपास वाढतात. हवा थंड, वारा सुखाचा. त्यामुळे उन्हाचा चटका जाणवत नाही, आणि किरण मात्र पणजीच्या किनाऱ्यापेक्षा अधिक लागतात. थंड हवा म्हणजे सौम्य किरण, ही समजूत चुकीची आहे. ओणवे होऊन ती तांबडी फळे खुडणाऱ्या बायकांच्या मानेचे व हातांचे रक्षण टोपलीतील फळे करणार नाहीत. ते काम डोक्यावरून ओढलेला पदर, बाहीचा सदरा आणि सकाळी लवकर आटोपलेली खुडणीच करील. किनाऱ्यावरील लोकांनीही निश्चिंत राहू नये; कोरडी वाळू शेकडा १५ पर्यंत किरण परत फेकते आणि विरळ ढगांतून त्यांचा मोठा भाग खाली येतोच.

शाळांनी या बाबतीत पुष्कळ करता येईल. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८१ साली एका समुद्रपक्ष्याचे चित्र घेऊन प्रचार सुरू झाला. अंगभर कपडा, त्वचेवर लेप आणि डोक्यावर टोपी एवढाच त्याचा संदेश होता. परंतु तो लहान मुलांच्या तोंडी बसला. पुढे तेथील अनेक शाळांतून टोपी नसेल त्या मुलाला उन्हात खेळू द्यायचे नाही, असा नियमच झाला. आपल्याकडे कवायत व मैदानी खेळ सकाळी दहापूर्वी किंवा दुपारी चारनंतर ठेवणे, मैदानाच्या कडेला वड, कडुनिंब व जांभूळ यांची झाडे लावणे आणि मुलांना टोपी घालण्याची सवय लावणे, याला फारसा खर्च येत नाही. पूर्वीच्या माणसाने पागोटे, मुंडासे, पदर आणि ओसरीची सावली यांचा जो परिपाठ घालून दिला, त्यामागे दीर्घ अनुभव होता. आजचे विज्ञान त्याला आकड्यांनी दुजोरा देत आहे.

फळांच्या रंगांचे संशोधन पुढे चालू राहील, आणि चालू राहिले पाहिजे. कदाचित उद्या एखादे असे द्रव्य सापडेलही, की जे कष्टकऱ्याच्या त्वचेची दुरुस्ती अधिक वेगाने करील. तोवर जांभळाच्या झाडाचे दोन उपकार मात्र आजच घेता येण्यासारखे आहेत. त्याचे फळ खावे आणि भर दुपारी त्याच्या सावलीत बसावे. जंबुपार किरणांपुरते बोलायचे, तर या दोहोंत सावलीचा उपकार अधिक मोठा आहे.